लिनक्समधला बग कळवायचा कसा, आणि कोणाला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार संपवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे घरातला जुना पण ठणठणीत लॅपटॉप भंगारात काढण्याऐवजी अनेकांनी त्यावर उबुंटू किंवा मिंट या लिनक्सवर आधारलेल्या मोफत सिस्टिम टाकल्या. बहुतेकांचं त्यांवर छान चाललंय. पण कधी झाकण मिटून उघडल्यावर वायफाय गायब होतं, कधी अपडेटनंतर आवाज बंद पडतो, कधी मराठी जोडाक्षर मोडून दिसतं. अशा वेळी तक्रार करायची कुठे? कस्टमर केअरचा नंबर नाही, सर्व्हिस सेंटर नाही, बिल तर नाहीच.

तक्रारीची जागा आहे, आणि ती सगळ्यांना खुली आहे. आपली तक्रार कोणी वाचली, कोणी काय उत्तर दिलं, दुरुस्तीत कुठली ओळ बदलली, हे सगळं तिथे दिसतं. मात्र तिथे पोचणाऱ्या बऱ्याच तक्रारी वाया जातात. त्या खोट्या नसतात, पण त्यांच्यावरून दुसऱ्या माणसाला तोच बिघाड, म्हणजे बग, स्वतःच्या मशिनवर घडवून बघता येत नाही. पुढचा सगळा लेख या एका अडचणीवरच्या उपायांचा आहे. उदाहरणं उबुंटूची घेतली आहेत. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

## एका स्क्रीनमागे किती हात

उबुंटू ही डिस्ट्रो आहे, म्हणजे अनेकांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं एकत्र बांधून दिलेला संच. त्यातला प्रत्येक तुकडा पॅकेज म्हणून येतो. ज्यांनी ते सॉफ्टवेअर मुळात लिहिलं त्यांना अपस्ट्रीम म्हणतात. हार्डवेअरशी बोलणारा कर्नल लिनस टॉरवाल्ड्स आणि जगभरच्या हजारो प्रोग्रामरांचा, डेस्कटॉप ग्नोम प्रकल्पाचा, लिबरऑफिस हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर डॉक्युमेंट फाउंडेशनचं. यातली पुष्कळ पॅकेजेस आधी डेबियन ही डिस्ट्रो बांधते, तिथून ती उबुंटूत येतात, आणि कॅनॉनिकल कंपनी व स्वयंसेवक मिळून ती आपल्यापर्यंत पोचवतात.

ही साखळी माहीत असली की एक नेहमीचा गोंधळ टळतो. उबुंटूची नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये निघते. सम वर्षातल्या एप्रिलच्या आवृत्तीला एलटीएस म्हणतात आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने. पण पाच वर्षं अपडेट मिळतात याचा अर्थ पाच वर्षं नवनवी सॉफ्टवेअरं मिळतात असा नाही. फायरफॉक्ससारखे अपवाद सोडले तर एलटीएसमधली बहुतेक पॅकेजेस जुन्याच व्हर्जनला थांबतात आणि त्यांत फक्त निवडक दुरुस्त्या घातल्या जातात. म्हणून तुमचा बग अपस्ट्रीमने वर्षभरापूर्वीच सोडवलेला असू शकतो, तुमच्या मशिनवर मात्र तो आजही जिवंत असतो. तसं असेल तर तक्रार डिस्ट्रोकडे करायची आणि ती दुरुस्ती जुन्या व्हर्जनमध्ये आणायला सांगायचं. अपस्ट्रीमच्या ताज्या व्हर्जनमध्येही बग असेल, तर मूळ लेखकांना कळवण्यात अर्थ आहे.

हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे पेनड्राइव्हवर उबुंटूची सर्वांत नवी आवृत्ती घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. इन्स्टॉल करायची गरज नाही. 'ट्राय उबुंटू'मध्ये वायफाय नीट चाललं, तर तेवढं एक वाक्यच तक्रार वाचणाऱ्याचे कित्येक तास वाचवतं.

## बिघाड नेमका कुठल्या थरात आहे?

घरातली लाईट गेली की आपण आधी गॅलरीत जाऊन शेजारी बघतो. शेजारी उजेड असेल तर आपला फ्यूज, पूर्ण इमारत काळोखात असेल तर मीटरची खोली, गल्लीच गेली असेल तर डीपी. मग फोन करायचा तो योग्य माणसाला. बग शोधतानाही असंच करायचं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाड कुठवर पसरलाय ते बघायचं.

समजा, लिबरऑफिस रायटरमध्ये 'दऱ्या' टाइप केलं आणि स्क्रीनवर 'दर्या' उमटलं. डोंगरदऱ्यांचा समुद्र झाला. मराठीच्या या आडव्या, चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र-साठी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर असा क्रम आहे. आता बिघाड चार ठिकाणी असू शकतो: कीबोर्ड, फॉन्ट, रायटर स्वतः, किंवा अक्षरांची जोडणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी.

सुरुवात कीबोर्डपासून करावी. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीत शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की ऱ येतो. नुसता तेवढा ऱ टाइप करून रायटरमध्ये ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी यू+०९३१ दिसलं तर कीबोर्ड निर्दोष. यू+०९३० आलं तर तो साधा र आहे, म्हणजे दोष कीबोर्डच्या मांडणीत. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं. मग फॉन्ट बदलून बघा. लोहितमध्ये शब्द नीट दिसतो आणि दुसऱ्या एकाच फॉन्टमध्ये मोडतो, तर तक्रार त्या फॉन्टची. सगळ्या फॉन्टमध्ये मोडत असेल, तर तोच शब्द साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. तिथे बरोबर दिसला तर संशय रायटरवर जातो. मग रायटरच्या हेल्प मेनूतून 'रिस्टार्ट इन सेफ मोड' करून बघायचं, कारण बिघडलेल्या सेटिंगमुळेही भलतं दिसू शकतं. एडिटर आणि रायटर, दोन्हीकडे सगळ्याच फॉन्टमध्ये शब्द मोडला, तर बिघाड दोघांच्याही खाली, हार्फबझच्या आसपास.

दहा मिनिटांचं काम आहे हे, आणि प्रोग्रामिंगचं ज्ञान शून्य लागतं. मराठी वाचता येणं मात्र लागतं. परदेशातल्या फॉन्टतज्ज्ञाला 'दऱ्या' आणि 'दर्या' ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तरी त्यातलं चूक कुठलं हे कळणार नाही. मराठीचे बग मराठी वापरणाऱ्यांनीच कळवावे लागतात, ते दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडतच नाहीत.

## उबुंटू-बग ही आज्ञा काय करते

उबुंटूच्या तक्रारी लाँचपॅड नावाच्या यंत्रणेत नोंदवल्या जातात. त्यासाठी उबुंटू वनचं मोफत खातं लागतं. ब्राउझरमधून थेट तक्रार लिहायला गेलात तर लाँचपॅड बहुधा मदतीच्या पानावर वळवतं. यात अडवणूक नाही. हाताने लिहिलेल्या तक्रारीत व्हर्जन, हार्डवेअर, लॉग (मशिनने स्वतः ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) यांतलं काहीच नसतं, आणि तीच माहिती मागण्यात आठवडे जातात.

म्हणून टर्मिनल उघडून 'उबुंटू-बग' आणि त्यापुढे पॅकेजचं नाव टाइप करायचं. अॅपोर्ट हा प्रोग्राम सुरू होतो, पॅकेजचं नेमकं व्हर्जन, उबुंटूची आवृत्ती, संबंधित लॉग गोळा करतो, काय पाठवणार ते दाखवतो आणि परवानगी दिल्यावर ब्राउझरमध्ये लाँचपॅड उघडून देतो. वायफाय, झोपेतून न उठणारा लॅपटॉप, टचपॅड अशा हार्डवेअरच्या बिघाडासाठी पॅकेजचं नाव 'लिनक्स', म्हणजे कर्नल. आवाजाच्या तक्रारीसाठी 'उबुंटू-बग ऑडिओ' लिहिलं की ते काही प्रश्न विचारून स्वतःच योग्य पॅकेज शोधतं. एखादी फाइल कुठल्या पॅकेजची आहे हे 'डीपीकेजी -एस' आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला की कळतं. इथे एस मोठ्या लिपीतला.

इथे लोक दोन-तीन ठिकाणी हमखास अडतात. 'हे अधिकृत उबुंटू पॅकेज नाही' असा नकार आला, तर ते सॉफ्टवेअर तुम्ही बाहेरच्या भांडारातून घेतलंय आणि तक्रार त्या भांडाराच्या मालकाकडे जायला हवी. स्नॅप या वेगळ्या पॅकेज-पद्धतीने आलेल्या प्रोग्रामसाठी (उबुंटूतला फायरफॉक्स असाच येतो) 'स्नॅप इन्फो' या आज्ञेत संपर्काचा पत्ता दिसतो. आणि प्रोग्राम कोसळल्यावर येणाऱ्या खिडकीत 'सेंड' दाबलं म्हणजे तक्रार नोंदली गेली असं समजू नका. प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांमध्ये ती माहिती कोसळण्यांची मोजदाद करणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर जाते. ती उपयोगाची असते, पण तिच्यावर तुमच्याशी संवाद होत नाही.

नेटच बंद पडलं असेल, तर 'अॅपोर्ट-सीएलआय' ही आज्ञा 'सेव्ह'चा पर्याय देऊन चालवायची. अहवाल फाइलमध्ये साठतो, आणि ती फाइल नेट असलेल्या दुसऱ्या उबुंटू मशिनवरून पाठवता येते.

मिंटवर असाल तर सिनॅमन डेस्कटॉपसारख्या मिंटच्या स्वतःच्या गोष्टींची तक्रार गिटहब या सॉफ्टवेअर-प्रकल्पांच्या संकेतस्थळावर मिंटच्या टीमकडे करायची. मशिनची माहिती तिथल्या 'सिस्टम रिपोर्ट्स'मधून कॉपी करता येते. फेडोरा या डिस्ट्रोच्या तक्रारी रेड हॅट कंपनीच्या बगझिला या तक्रार-यंत्रणेत जातात. डेबियनमध्ये 'रिपोर्टबग' हा प्रोग्राम ईमेल पाठवतो, खातं लागत नाही, पण तुमचा ईमेल पत्ता सगळ्यांना दिसतो हे लक्षात असू द्या.

## तक्रारीत लिहायचं काय

मथळा असा हवा की तेवढाच वाचून माणसाला बिघाड कळावा. 'वायफाय चालत नाही' यातून काहीच कळत नाही. 'झाकण मिटून उघडल्यावर वायफाय नेटवर्कची यादी रिकामी. रीस्टार्टनंतर परत येते' यात बिघाड कधी होतो आणि कशाने जातो, दोन्ही आलं.

मजकुरात आधी पायऱ्या, क्रमाने आणि अगदी बारीक. रायटर उघडलं, नवं पान घेतलं, फॉन्ट अमुक निवडला, अमुक तीन कळा दाबल्या. मग काय व्हायला हवं होतं ते, मग प्रत्यक्षात काय झालं ते. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिणं फार महत्त्वाचं आहे, कारण अनेकदा तुमची अपेक्षा काय होती हेच समोरच्याला कळलेलं नसतं. त्यानंतर किती वेळा होतं ते: दर वेळी, की पाचातून एकदा? कधीपासून होतं? कुठल्या अपडेटनंतर?

या 'कधीपासून'ची किंमत मोठी आहे. कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. मशिन सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडलं की आधीचा कर्नल सापडतो. त्यात वायफाय चालत असेल आणि नव्यात चालत नसेल, तर दोन्हींचे पूर्ण व्हर्जन क्रमांक तक्रारीत लिहा. या प्रकाराला रिग्रेशन म्हणतात, आधी चालत असलेली गोष्ट नव्या बदलाने बिघडणं. कर्नलच्या जगात रिग्रेशन खपवून घेत नाहीत. चालणारी आणि न चालणारी अशा दोन टोकांमधले बदल निम्म्या-निम्म्याने छाटत गेलं, तर सोळा हजार बदलांतून दोषी बदल साधारण १४ चाचण्यांत हाती लागतो. हे काम करणाऱ्या माणसाला दोन टोकं मात्र तुम्ही द्यायला हवीत.

मशिन पूर्ण गोठून बंद करावं लागलं असेल, तर परत सुरू केल्यावर 'जर्नलसीटीएल -बी -१' या आज्ञेने आधीच्या वेळचा लॉग मिळतो. त्यातल्या निवडक चार ओळी पाठवू नका, पूर्ण फाइल जोडा. बिघाडाचं मूळ बहुधा शेवटच्या एररच्या बऱ्याच आधी लपलेलं असतं. टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून द्या. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो शोधता येत नाही, म्हणून तो फक्त मशिन गोठलं असेल तेव्हाच.

एका तक्रारीत एकच बग. वायफाय आणि आवाज दोन्ही बिघडले असतील तर दोन तक्रारी करा, ती दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत.

## हे सगळं एकट्याने करायचं का?

नाही. हा बग आहे की माझीच सेटिंग चुकलीय, अशी शंका असेल तर आधी विचारून घेणंच चांगलं. मॅट्रिक्स या गप्पांच्या खुल्या नेटवर्कवर उबुंटूचे मदतकक्ष आहेत. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा प्लग नावाचा जुना गट आहे. विचारताना 'कोणी आहे का?' असं लिहून थांबू नका. आवृत्ती, काय केलं आणि काय झालं, हे पहिल्याच संदेशात लिहा.

लाँचपॅडवरही तक्रार आधी येते ती बग-स्क्वॉडच्या स्वयंसेवकांसमोर. ते प्रोग्राम लिहितातच असं नाही. तक्रार योग्य पॅकेजखाली आहे का, ती आधी कोणी केलीय का, माहिती पुरेशी आहे का, हे ते बघतात. पॅकेज चुकलं तर ते बदलून देतात. त्यामुळे 'माझं चुकलं तर?' या भीतीने गप्प बसू नका. तुमचाच बग आधी कोणी नोंदवलेला सापडला, तर 'मलाही हा त्रास आहे' असं नुसतं लिहू नका, वर त्यासाठी बटण आहे ते दाबा. एकाहून अधिक लोकांनी ते दाबलं की तक्रारीची स्थिती आपोआप 'कन्फर्म्ड' होते. मग 'अॅपोर्ट-कलेक्ट' आणि तक्रारीचा क्रमांक दिला, की तुमच्या मशिनची माहिती त्या तक्रारीला जोडता येते.

## इंग्रजी कच्चं असेल तर?

तक्रारी इंग्रजीतच होतात, हे खरं. पण त्या वाचणाऱ्यांतही अनेकांची मातृभाषा जर्मन, पोर्तुगीज, जपानी असते, आणि त्यांना छोटी वाक्यंच आवडतात. क्रमांक घातलेल्या पायऱ्या लिहिल्या की व्याकरणाला फारसं काम उरत नाही. तुमचा डेस्कटॉप मराठीत असेल, तर एररचा संदेशही मराठीत येईल आणि तो कोणालाच शोधता येणार नाही. टर्मिनलमधल्या आज्ञेच्या आधी 'एलसी_ऑल=सी' जोडा, मोठ्या इंग्रजी अक्षरांत; तेवढ्यापुरते संदेश इंग्रजीत येतात. मराठी अक्षरांचा बग असेल तर दोन चित्रं जोडायची, चूक आणि बरोबर, आणि मूळ शब्द मजकुरातही टाइप करून द्यायचा, म्हणजे त्यांना तो कॉपी करून बघता येईल.

## माझी खासगी माहिती उघडी पडेल का?

ही शंका रास्त आहे. लॉगमध्ये तुमचं युजरनेम, मशिनचं नाव, घरच्या वायफायचं नाव, नेटवर्क कार्डचा पत्ता अशा गोष्टी असू शकतात. अॅपोर्ट पाठवण्याआधी सगळं दाखवतो, ते उघडून वाचा. स्वतः जोडत असलेल्या फाइलमधून नावं खोडून टाकली तरी चालतं. बिघडलेलं डॉक्युमेंट जोडायचं असेल तर ऑफिसचं खरं पत्र नको, तोच बिघाड दाखवणारं दोन ओळींचं नवं पान करा. प्रोग्राम कोसळताना त्याच्या मेमरीचा जो ठसा घेतला जातो, त्यात पासवर्डही असू शकतो. म्हणून अशा तक्रारी लाँचपॅडवर सुरुवातीला खासगीच असतात.

सुरक्षेचं छिद्र सापडलं तर मात्र ते जाहीर लिहायचं नाही. लाँचपॅडवर तक्रार नोंदवताना 'प्रायव्हेट सिक्युरिटी' हा प्रकार निवडायचा. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला डेबियनच्या 'अनस्टेबल' आवृत्तीत एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशिनमध्ये नेटवरून सुरक्षित शिरायच्या पद्धतीने, लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्याने माग काढला, तेव्हा एक्सझेड या फाइल आक्रसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कोणीतरी मुद्दाम चोरवाट घातल्याचं निघालं. त्याने आधी डिस्ट्रोंच्या सुरक्षा-टीमना खासगीत कळवलं, मग २९ मार्चला सगळं जाहीर केलं. बहुतेक स्थिर आवृत्त्यांमध्ये ती व्हर्जन्स पोचायच्या आत हे उघडकीला आलं.

## महिना झाला, कोणी बघितलंच नाही

असं होतं, आणि ते मान्य करायला हवं. पॅकेजेस हजारो, माणसं थोडी, त्यातही बरीच बिनपगारी. लक्ष वेधायला आरडाओरडा करून उपयोग नाही, नवी माहिती दिल्याने होतो: नव्या आवृत्तीतही बग आहे का, कुठल्या कर्नलपासून सुरू झाला, अपस्ट्रीमकडे अशी तक्रार आहे का. अपस्ट्रीमची तक्रार सापडली तर तिचा दुवा लाँचपॅडवर जोडा.

'इनकम्प्लीट' अशी स्थिती दिसली तर तातडीने बघा. याचा अर्थ तुमच्याकडे काहीतरी मागितलंय. उत्तर दिलं नाही आणि तक्रारीत कोणतीच हालचाल झाली नाही, तर ६० दिवसांनी ती आपोआप बाद होते. 'वोन्ट फिक्स' म्हणजे या आवृत्तीत दुरुस्त करणार नाही. बऱ्याचदा त्या आवृत्तीची मुदत संपलेली असते.

## दुरुस्ती आली, आता तपासायची तुम्ही

चालू आवृत्तीत दुरुस्ती घालताना उबुंटू फार सांभाळून चालते, कारण एका वायफाय कार्डसाठी केलेला बदल दुसऱ्या दहा कार्डांना बंद पाडू शकतो. दुरुस्त पॅकेज आधी 'प्रपोज्ड' या वेगळ्या कप्प्यात येतं आणि तिथे किमान सात दिवस थांबतं. तक्रारीवर 'व्हेरिफिकेशन-नीडेड' अशी खूण लागते आणि तुम्हाला ईमेल येतो. त्या कप्प्यातून फक्त तेवढंच पॅकेज घ्यायचं. तिथलं सगळं घेतलंत तर दुसरंच काही बिघडेल. तक्रारीतल्याच पायऱ्या पुन्हा करायच्या, कुठल्या व्हर्जनवर तपासलं ते लिहायचं आणि खूण बदलून 'व्हेरिफिकेशन-डन' करायची. बिघाड तसाच असेल तर 'व्हेरिफिकेशन-फेल्ड'. ही खूण कोणीच बदलली नाही, तर तयार दुरुस्तीही तिथेच अडकून पडते.

त्यानंतर 'फिक्स रिलीज्ड' दिसलं तरी ती सगळ्या मशिनवर एकाच दिवशी येत नाही. उबुंटू अपडेट टप्प्याटप्प्याने सोडते, आणि मध्येच नव्या तक्रारी वाढल्या तर टप्पा थांबवते. अपडेट करताना 'डिफर्ड ड्यू टू फेझिंग' असा संदेश आला तर काही बिघडलेलं नाही, तुमच्या मशिनची पाळी अजून आलेली नाही एवढंच. बगमुळे जुन्या कर्नलवर काम चालवत असाल, तर नवा कर्नल आल्यावर ग्रबमधून तोच निवडला जातोय ना, ते एकदा चालू कर्नलचं व्हर्जन दाखवणाऱ्या 'युनेम -आर' या आज्ञेने बघून घ्या.